हिरवी वायर

बाळाराम,

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी तुझ्या अंगणात पहार घेऊन खड्डा खणला आणि आता पनवेलला घरी येऊन हे लिहायला बसलोय. तळहाताला फोड आलेत, पेन धड धरवत नाही. तरी लिहितो. हे दिवस स्कूटरने गेलो, उद्यापासून पुन्हा फर्स्ट शिफ्ट, पुन्हा बस. कंपनीच्या बसमध्ये तुझी खिडकीची जागा रिकामी दिसली की मग काही लिहिण्याचा धीर उरायचा नाही. माझा धीर मुळात केवढा, ते तू जाणतोसच. "मास्तर, तू जन्माला येताना पण घाबरून परत मागं फिरला असशील," असं तू अख्ख्या कँटीनसमोर म्हणाला होतास. मी काही मास्तर नाही, तळोज्याच्या केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. पण सारखा 'हे करू नको, तिथे हात लावू नको' असं शिकवत असतो म्हणून तू मला मास्तर केलंस, आणि मग सगळी कंपनी तसंच म्हणायला लागली.

जे मनात आहे ते आधीच सांगून टाकतो. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तुझे वडीलही असेच बसल्या जागी गेले होते म्हणे, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. मला पटलं नाही. मला वाटतं, तुला मी मारलं. त्या माइकच्या मिक्सरची अर्थिंगची वायर मी माझ्या हाताने कापली होती, आणि तू गेलास तेव्हा त्याच मिक्सरसमोर बसला होतास. चौदा दिवस झाले, ह्यापलीकडे माझं डोकं जात नाही.

तो मिक्सर आणायला मी नको म्हणत होतो, आठवतं? तळोज्याची एक कंपनी बंद पडली, तिच्या हॉलमधलं सामान इस्माईलभाईच्या भंगारात आलं. तू तिथे प्लांटसाठी व्हॉल्व्ह बघायला गेलास आणि खुर्च्यांच्या ढिगाखाली तुला ही पेटी दिसली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मला ओढत घेऊन गेलास. विलायती, कधीच्या काळची, करडा पत्रा, सहा काळी बटणं आणि मधोमध काट्याचं मीटर. पुसल्यावर त्या मीटरची काच अशी काही चमकली की तू नवरी बघायला आल्यासारखा उभाच राहिलास.

"साहब, इसकी क़दर करनेवाला ही ले जाए, वरना मैं तो पत्रे के भाव में तोड़ दूँगा," इस्माईलभाई म्हणाला. त्याने तुला बरोबर ओळखलं होतं. तू किंमत पाडायचा प्रयत्नही केला नाहीस. उलट वर करंजा बंदरातले सुके बोंबील पिशवीभर आणून देतो असं कबूल केलंस. मी पाठीमागून तुझा शर्ट ओढतोय, "अरे, आत उंदराने वायरी खाल्ल्या असतील, ट्रान्सफॉर्मर गेला असेल, एवढा जुना माल घरात घेऊन आग लावायचीय का?" तर तू मागे न बघता म्हणालास, "म्हनून तर तुला आनलाय. मना काय कलतंय त्यातला?"

झालं, तिथेच मी गळाला लागलो. तुला काही कळत नाही आणि मला कळतं, एवढं कुणी बोललं की मी हो म्हणतो. येताना तू माझ्या स्कूटरवर मागे, मांडीवर ती पेटी. प्रत्येक खड्ड्याला तू "आई गं" म्हणायचास, पण स्वतःसाठी नाही, पेटीसाठी.

हवा होता तुला तो सासूच्या आवाजासाठी. तुमच्या आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई लागते, धवलारीण, आणि तुझी सासू उरणच्या बाजूची नावाजलेली धवलारीण. तुझ्या बायकोने, मालन वहिनींनी ती गाणी उचलली नाहीत, त्यांच्या बहिणींनीही नाही. सासूचा दमा वाढत चाललेला. तू म्हणालास, ही गेली की सगळं गेलं. तुझ्याकडे कॅसेट डेक होता, तुझा लाडका असेंबल केलेला अ‍ॅम्प्लिफायर होता, कपाटाएवढे दोन स्पीकर होते. पण डेकला माइक लागायचा एकच, आणि धवले म्हणायला बसतात तिघी. एक पुढे म्हणते, दोघी मागून झेलतात. एका माइकवर झेलणाऱ्या ऐकूच यायच्या नाहीत. तीन माइक एकत्र करायला मिक्सर पाहिजे, हे तुझं म्हणणं बरोबर होतं. जावई सासूच्या मागे टेपरेकॉर्डर घेऊन धावतोय, ह्यावरून मी तुझी किती चेष्टा केली. आतून मात्र मला तुझा हेवा वाटायचा. मी कशाच्याही मागे एवढा कधी धावलो नाही रे.

जोडायला आपल्याला दोन रविवार लागले. मिक्सरला मागे जाड पिनेची भोकं, डेकला पाच भोकांचं गोल सॉकेट, दोघांचं एकमेकांशी काही नातंच नाही. मी बाजारातून पिना आणल्या, सोल्डरिंग केलं. पहिल्यांदा डेकच्या माइकच्या भोकात जोडलं तर तुझं "हॅलो हॅलो" असं फाटून आलं की वहिनी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आल्या. मग मागच्या सॉकेटमध्ये जोडलं आणि आवाज स्वच्छ आला. तू एकेक बटण फिरवत होतास, तूप वाढावं तसं, जरा जरा. तेवढ्यापुरतं मला माझी भीती आठवली नाही, हे तुला सांगायचं राहिलं. तुझ्या घरात, त्या कोब्यावर मांडी घालून, सोल्डरच्या धुरात, मी सुखात होतो.

पण एक गुणगुण होती. सारखी. घूंऽऽऽ अशी, गाण्याच्या खाली बसलेली. मी शोधून काढलं. तुझ्या घराची अर्थिंग खराब होती. कुणीतरी कधीकाळी नळाच्या पाइपाला वायर गुंडाळून ठेवलेली, त्यावरच पंप, त्यावरच सगळं घर. मिक्सरची हिरवी वायर त्या अर्थिंगला लागली की गुणगुण यायची. उपाय सरळ होता. अंगणात खड्डा खणायचा, पाइप उभा करायचा, मीठ-कोळसा भरायचा, तिथून नवीन वायर आत आणायची. अर्ध्या दिवसाचं काम. "मीठ काय, सासूकडून गोनी आनतो," तू म्हणालास. आणलीसही. पडवीत ठेवलीस.

आणि मग खड्डा खणायच्या आधीच त्या तिघी आल्या. उरणच्या एसटीने, ठरल्या दिवसाच्या आधीच्या रविवारी, कारण पुढच्या रविवारी त्यांना लग्नाचं बोलावणं होतं. चारच्या गाडीने परत जायचं होतं. तू मला शेजाऱ्यांकडून फोन केलास, मी धावत आलो. माइक लावले, सासू समोर बसली, नऊवारी नीट केली, आणि घूंऽऽऽ. तिने कानाला हात लावला. "जावयबापू, ह्यो भुंगा कुठून आला घरात?" सगळे हसले. मी नाही हसलो. एक वाजला, दोन वाजले. मी वायरी हलवतोय, पिना घासतोय. सासूला ढास लागली. मागची एक बाई म्हणाली, "आमी जातो, त्या भावजींना घाम फुटलाय." तू फक्त माझ्याकडे बघितलंस. मला तुझं ते बघणं सहन झालं नाही.

मी प्लग काढला, उघडला, हिरवी वायर सोडवली. परत लावला. गुणगुण गेली. एकदम गेली.

त्या वायरचं सुटं टोक कुठे लागू नये म्हणून मी ती कात्रीने मुळापासून कापली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. मी. मी, ज्याने कंपनीच्या प्रत्येक पॅनेलवर 'अर्थिंग काढू नये' असं लाल रंगात स्वतःच्या हाताने लिहिलंय. मी, ज्याला तुम्ही सगळे हसता, कारण बल्ब बदलतानासुद्धा मी मेन बंद करतो. जन्मभर भिऊन वागलो आणि एक दिवस भ्यायचं सोडलं, तर नेमकं तिथे. "आजच्या दिवसापुरती," मी तुला म्हणालो, "पुढच्या रविवारी खड्डा." तू ऐकलंसही नसशील. सासूने तोंड उघडलं होतं.

काय गायली रे ती! दम्याची बाई, पण सूर लावला की दमा कुठे जायचा कुणास ठाऊक. तुझ्या डोळ्यांना पाणी, मीटरचा काटा नाचतोय, आणि तू एका हाताने डोळे पुसतोयस, दुसऱ्याने झेलणाऱ्यांचं बटण वर घेतोयस.

पुढचा रविवार आला नि गेला. मग पाऊस सुरू झाला, चिखलात कोण खणणार. पाऊस संपला तर तुझी डबल ड्यूटी. मी दर वेळी यायचो तेव्हा म्हणायचो, "बाळाराम, ती वायर..." आणि तू, "मास्तर, आवाज येत नाय, मिक्सर चालतंय, तुला कसली खाज?" आणि वहिनींच्या हातची तांदळाची भाकरी, वर सुकट. जेवण झालं की डोळे मिटायचे. खोटं कशाला बोलू, आळस केला. एवढ्या भीतीवर माझा आळस मोठा ठरला. तू तर मिक्सरशिवाय काही ऐकेनासा झालास. साधी कॅसेटसुद्धा डेकमधून मिक्सरमध्ये, मिक्सरमधून अ‍ॅम्प्लिफायरला. नाहीतर म्हणे अळणी लागतं.

आणि आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. तुला त्या टेपच्या कॉप्या काढून गावोगावच्या लग्नघरांत वाटायच्या होत्या, म्हणजे जिथे धवलारीण मिळत नाही तिथे निदान टेप वाजेल. सासू तडकली, "टेप लावून लगीन लागतंय काय? मंग नवरा-नवरीच्या जागी पन फोटो बसव!" मी तिची बाजू घेतली. तू माझ्यावर चिडलास. "तुमा पनवेलकरांना काय जातंय बोलाया. आमचा सगलाच चाललाय. जमिनी गेल्या, आता गानी जातान. मी निदान डब्यात तरी भरून ठेवतंय." तुझं खरं होतं एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं.

तो दिवस. दुपारी माझ्या शेजारच्या फोनवर तुझ्या चुलतभावाचा फोन आला. मी पोचलो तोवर तासभर होऊन गेला होता. तुला चटईवर निजवलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते, वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दारातून आत आलो आणि पहिलं काय बघितलं? मिक्सरच्या मीटरचा दिवा. पेटलेला होता. तुझ्याजवळ येण्याआधी मी भिंतीकडे गेलो आणि स्वीच बंद केला. सगळ्यांना वाटलं, मास्तर किती शहाणा, अशा वेळीही भान आहे. वहिनी नंतर चार जणींना म्हणाल्या, "भावजी शांत व्हते म्हनून निभावलं." मला जमिनीने गिळावं असं झालं.

स्मशानात नेण्याआधी सगळे तुझ्या तोंडात पाणी घालत होते. मीही घातलं. पण मी बघत होतो तुझी बोटं. एकेक बोट. कुठे काळं पडलंय का, चटक्याचा डाग आहे का. तुझ्या हातांवर प्लांटचे इतके जुने डाग, त्यात काही समजेना. तुझ्या चुलतभावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याला वाटलं मी तुझा हात सोडत नाहीये.

खरी पाचावर धारण बसली ती दुसऱ्या दिवशी. मी आलो तर तुझा फोटो मिक्सरवर ठेवलेला, हार घातलेला, शेजारी समई. आणि मिक्सर चालू. मीटरचा पिवळा दिवा तुझ्या फोटोखाली जळतोय. तेरा दिवस दिवा विझू द्यायचा नाही ही तुमची रीत मला माहीत होती, आमच्याकडेही आहे. पण वहिनींनी तेलाच्या दिव्याबरोबर तोही लावला होता. "त्यांचा दिवा तो. तो पन नाय विझवायचा," त्या म्हणाल्या. आणि आंघोळ करून, ओल्या हातांनी, अनवाणी, त्या त्या पत्र्याच्या पेटीवर वाकून समईत तेल घालत होत्या. दिवसातून चार वेळा. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका फोटोच्या पाया पडताना पेटीला हात लावत होत्या.

कुणी बघत नाही असं बघून मी खिशातला टेस्टर पेटीच्या स्क्रूला लावला. पेटला. टेस्टर एवढ्या-तेवढ्यानेही पेटतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी दहा जणांना शिकवलंय. पण तो पेटला.

"वहिनी, मिक्सर तापेल हो एवढे दिवस."

"तापू दे."

आता मी काय सांगू? बंद करा म्हणावं तर का ते सांगावं लागणार. तोंड उघडलं की ते शेवटपर्यंत जाणार. मग मी काय केलं असेल? कंपनीत गेलो आणि पॅनेलसमोर टाकतो ती काळी रबरी मॅट घेऊन आलो. फोटोसमोर अंथरली. "येणाऱ्यांना बसायला," मी म्हणालो. तुझ्या सासूने कौतुक केलं. बघ बाळाराम, तुझ्या घरात बायकांचा जीव टांगणीला लावून मी रबराच्या मॅटवर निभावून नेत होतो. सांगायची हिंमत नाही, पण मॅट आणायची अक्कल आहे. रोज शिफ्ट सुटली की घरी न जाता तुझ्याकडे, मॅट सरकली तर नाही ना बघायला. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा.

चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. दिवा आपोआपच विझला होता, कुणाचा दोष नाही. मी झटकन प्लग काढला, खिशातून पेचकस काढला, म्हटलं, पाच मिनिटांत जोडून टाकू, कुणाला कळायचंही नाही. स्क्रू अर्धा सैल केला आणि वहिनी दारात.

"काय झालं, भावजी?"

"काही नाही. सैल झाला होता."

आणि मी तो तसाच परत खोचला. असा आहे मी. तो गॅस लीक झाला होता ना प्लांटला, सगळे पळाले आणि माझे पाय जागचे हलेनात, तेव्हा तू परत आत आलास, ओला रुमाल माझ्या तोंडावर दाबलास आणि हाताला धरून गेटपर्यंत आणलंस. वर म्हणालास, "मास्तर, घाबरायचा तर चालता चालता घाबर." ज्याला तू ओढून बाहेर काढलंस, त्याला तुझ्या बायकोसमोर एक वाक्य बोलता आलं नाही.

काल तेरावं झालं. जेवणं उठली. वहिनींनी स्वतः फोटो उचलला, स्वीच बंद केला. मी निघताना त्यांना म्हणालो, उद्या सकाळी येतो, अंगणात थोडं काम आहे.

आज गेलो. पहार, फावडं, पाइप, वायर सगळं घेऊन. खणायला लागलो. वहिनी पडवीत बसून बघत होत्या. कमरेपर्यंत घामाने भिजलो तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि मी खड्ड्यात उभा राहून, मान वर न करता, सांगून टाकलं. सगळं. गुणगुण, कात्री, काळी पट्टी, पुढचा रविवार, मॅट.

"वहिनी, ती वायर मी कापली होती."

मग त्या म्हणाल्या, "माहीत हाय मना."

मी वर बघितलं.

"ते बोलले व्हते. पेटीला हात लागला की झिनझिन्या येतान बोलले. मी बोलले, भावजींना बोलवा. तर बोलले, नको, मास्तर ऐकल तर घाबरून पेटीच उचलून नेल. मंग सपाता घालून बसायचे समोर. रबराच्या."

बाळाराम, मला तुझा इतका राग आला! अरे, मला सांगायचंस ना! एक शब्द. मी शिव्या घातल्या असत्या, पेटी उचलून नेली असती, तू चार दिवस बोलला नसतास माझ्याशी, एवढंच झालं असतं. मी भित्रा म्हणून तू मला सांगितलं नाहीस, आणि मी भित्रा म्हणून मी तुला अडवलं नाही. दोघांनी मिळून हे काय करून ठेवलं?

वहिनींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं, मी नक्की काय बोललो ते. तेरा दिवस त्या हार्टचंच धरून बसल्या होत्या. "म्हंजे भावजी... मना ठाऊक व्हतं नि मी पन कोनाला बोलले नाय," त्या म्हणाल्या. मी घाईघाईने नाही नाही म्हणालो, तसं काही नाही, डॉक्टर म्हणाले ना हार्ट, टेस्टर काय, उगाच पेटतो. पण माझं ओझं उतरवायला मी त्यांच्या डोक्यावर अर्धं ठेवलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण भीती माणसाला थांबू देत नाही. मला ते समजायलाच हवं होतं, नाहीतर मी वेडा झालो असतो.

"वहिनी, त्या दिवशी... तुम्ही आलात तेव्हा, त्याच्या पायात स्लीपर होत्या का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला कळेना कसं ते.

"भावजी, मी पायाकडं नाय बगितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बगत व्हते."

एवढं बोलून त्या उठल्या, पडवीतली मिठाची गोणी ओढत खड्ड्यापाशी आणली आणि तिचं तोंड सोडायला बसल्या. मी पहार उचलली.

मला कधीच कळणार नाही, बाळाराम. ती भीती आता माझ्याबरोबरच राहणार, तिची सवय करून घ्यायची. पण घरी येताना स्कूटर मध्येच थांबवली, रस्त्याच्या कडेला बसलो, आणि तुझा चेहरा आठवायला गेलो. त्या दिवशीचा, चटईवरचा. डोळे मिटलेले होते की अर्धे उघडे, दाढी वाढलेली होती की केलेली, काही म्हणजे काही आठवेना. मीटर आठवतं. प्लग आठवतो. तुझी दहाही बोटं आठवतात. वीस वर्षांचा दोस्त शेवटचा समोर होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही रे.